इटलीतला शुक्रवार

आम्हा बहरीनच्या वसईकरांमध्ये एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि कुणीही ती मोठ्याने बोलत नाही. जे कुटुंब युरोप बघून येतं, ते वर्षभरात गाशा गुंडाळतं. कारण सरळ आहे. इथली नोकरी आणि इथलं रेसिडेन्ट कार्ड हातात असेपर्यंत युरोपचा व्हिसा चटकन मिळतो. एकदा कायमचं गावी परतलं की कोण विचारतंय? म्हणून निघायचं ठरलं की लोक आधी युरोप उरकून घेतात. कुणाचा आयफेल टॉवरपुढचा फोटो ग्रुपवर आला की आम्ही बायका चर्चच्या आवारात एकमेकींकडे बघतो. "चाललं वाटतं हेही घर," एवढंच कुणीतरी म्हणतं, आणि मग त्यांचा फ्रिज कोण घेणार यावर हळू आवाजात चर्चा सुरू होते.

त्यामुळे नवऱ्याने एके दिवशी चहा पिता पिता, "या वर्षी रजेत इटलीला जाऊ या का?" असं विचारलं तेव्हा माझं लक्ष आधी आमच्या फ्रिजकडे गेलं.

हा माणूस तुबलीतल्या एका वर्कशॉपमध्ये एसी दुरुस्तीचं सगळं काम बघायचा. इतकी वर्षं गल्फमध्ये काढली, पण दुबईसुद्धा बघून आला नव्हता. "उकाडा बघायला विमानाने कशाला जायचं?" म्हणायचा. रजा म्हणजे वसई, आणि वसई म्हणजे नाताळ. त्यात कधी बदल झाला नाही.

"इटलीला? का?"

"का म्हणजे? वाईनचे मळे बघू. तुझे बाबा नाताळासाठी बरणीत द्राक्षं मुरत घालायचे ना? तूच म्हणाली होतीस, खरी वाईन कशी करतात ते एकदा बघायचंय."

"मी हे कधी म्हटलं?"

"लग्न झालं तेव्हा."

लग्न झालं तेव्हा! ज्या माणसाला सकाळी सांगितलेली कोथिंबीर संध्याकाळपर्यंत आठवत नाही, त्याला लग्नातलं वाक्य आठवलं. कुठेतरी पाणी मुरत होतं, नक्की.

मी सरळच सांगते, मला बहरीन सोडायचं नव्हतं. इथे मी गाडी शिकले. अदलियातल्या एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. पेशंट अरबीत ओरडला तरी त्याला हसतमुखाने खुर्चीवर बसवून ठेवायचं काम माझं. चर्चच्या गायनमंडळात दुसऱ्या रांगेत उभी राहते. गुदैबियातला आमचा फ्लॅट जुना आहे, खाली इडलीवाला, शेजारी शिंपी, पाण्याची टाकी उन्हाळ्यात उकळते. पण संध्याकाळी पर्स उचलून खाली उतरले तर "कुठे चाललीस?" असं विचारणारं तिथे कुणी नाही.

वसईचं घर मोठं आहे. आम्हीच पैसे पाठवून बांधलं, पुढे केळीची वाडी, वर गच्ची. पण त्या घरात राहतात माझे दीर आणि जाऊबाई. जाऊबाई वाईट नाहीत. पाहुणी म्हणून मी महिनाभर तिथे गेले तर मला भांड्याला हात लावू देत नाहीत. महिना संपत आला आणि मी चुकून मीठ दुसरीकडे ठेवलं, की मात्र विचारतात, "मीठ कुठे ठेवलंस?" मी तिथली नाही हे त्या मिठावरून कळतं. कायमचं तिथे जाऊन बसायचं म्हणजे उरलेलं आयुष्य त्यांच्या स्वयंपाकघरात मीठ शोधायचं. आणि मला ना म्हणायचा पर्यायही नव्हता, कारण माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर होता. त्याचं खलास झालं की माझंही खलास.

मग मी बारीक नजर ठेवायला लागले. त्याने घरातली शिडी वर्कशॉपमधल्या एका पोराला देऊन टाकली. "वापरतो कुठे आपण?" मग ड्रिल मशीन दिलं. गल्फमध्ये माणूस ड्रिल मशीन देऊन टाकतो तेव्हा त्याला त्या घराच्या भिंतीत आणखी खिळा ठोकायचा नसतो. हे मी इतरांच्या घरी पाहिलेलं होतं.

"नोकरी गेली का तुझी?" मी एकदा तोंडावरच विचारलं.

"काहीतरीच काय!"

"तब्येतीचं काही आहे का? डॉक्टरने काही सांगितलंय?"

"धडधाकट आहे मी."

"मग बाई आहे का कुणी?"

यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "या गुडघ्यांवर?" म्हणाला. हसला ते खरं होतं. पण पहिल्या प्रश्नाला तो हसला नव्हता, हे माझ्या ध्यानात राहिलं.

आमच्या खालच्या मजल्यावर माझी एक मैत्रीण राहते, वसईचीच, हॉस्पिटलात नर्स आहे. तिला मी सगळं सांगितलं. वाटलं, धीर देईल. ती म्हणाली, "अगं, युरोप म्हणजे खलासच. तुझं ते मोठं वाफवायचं भांडं आहे ना, ते दुसऱ्या कुणाला देऊ नकोस हां." मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही.

बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलीला फोन केला. तिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर ती इंग्रजीत देते. "ममा, जस्ट एन्जॉय ना. यू आर सो सस्पिशस!" ती इतकी पटकन बोलली की बापाने तिला आधीच पढवून ठेवलंय की काय, असा नवाच संशय मला आला.

तर असा संशय घेऊन मी इटलीला गेले.

मिलानला उतरलो, गाडी भाड्याने घेतली आणि अल्बा नावाच्या गावाकडे निघालो. शरद संपत आला होता. टेकड्याच टेकड्या, आणि प्रत्येक टेकडीवर द्राक्षांच्या रांगा, पानं पिवळी-लाल झालेली. सकाळी धुकं खाली दरीत बसून राहायचं आणि वर गावांचे मनोरे तेवढे दिसायचे. इतकं सुंदर होतं की मला राग आला. एवढं सुंदर ठिकाण माणूस बायकोला उगाच दाखवत नाही.

आणि नवरा तर इतका गोड वागत होता की विचारू नका. गाडीचं दार उघडून देई. "थंडी वाजते का?" विचारी. सकाळची कॉफी खोलीत आणून देई. बहरीनमध्ये हा माणूस सकाळी मोजा सापडला नाही म्हणून अख्खी बिल्डिंग जागी करतो. "तू आजारी आहेस का रे?" मी पुन्हा विचारलं. "बायकोशी नीट वागायचीही चोरी झाली," तो म्हणाला. चोरी होतीच. फक्त काय चोरलंय ते मला कळत नव्हतं.

आम्ही राहिलो ते घर एका लहानशा वाईनवाल्या कुटुंबाचं होतं. घरमालकीण साधारण माझ्याच वयाची, दंडाने मजबूत, मोडकं-तोडकं इंग्रजी बोलणारी. तिने आम्हाला तळघरात नेलं. मोठमोठी लाकडी पिंपं, ओलसर वास, भिंतीला बुरशी. ती एकेका पेल्यात जराशी वाईन ओतायची, आणि आपण तो पेला फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात खेळवायचा आणि बाजूच्या बादलीत थुंकून टाकायचा. तसं तिने करून दाखवलं.

मी बादलीकडे बघतच राहिले. लहानपणापासून मिस्सामध्ये फादरने हातात उचललेला पेला बघून ज्याच्यापुढे गुडघे टेकले, ते थुंकायचं? आमच्या घरी नाताळाची वाईन सांडली तर आई ती जागा ओल्या फडक्याने पुसून आधी कपाळावर क्रूस काढायची. मी म्हटलं, बाई, तुझं तुला लखलाभ. आणि जेवढं ओतलं तेवढं सगळं गिळलं. तिला वाटलं मला फारच आवडली, म्हणून ती आणखी ओतू लागली. चौथ्या-पाचव्या पेल्यानंतर मला त्या बाईबद्दल आणि एकंदर इटलीबद्दल फार माया वाटायला लागली होती.

तरी कान शाबूत होते. नवरा तिला विचारत होता, वेल लावल्यावर फळ किती वर्षांनी धरतं? माती अशी पांढरट असेल तरच चालते की लाल मातीतही येते? पाणी किती द्यायचं? उन्हाळा फार असेल तर?

"तुला काय करायचंय रे?" मी मराठीत विचारलं.

"सहज."

हा माणूस सहज काही विचारत नाही. याला चर्चमध्ये फादर भेटले तरी "बरं आहे ना?" एवढंच म्हणतो. माझी सगळी नशा तिथल्या तिथे उतरली.

दुसऱ्या दिवशी अल्बाच्या बाजारपेठेत फिरलो. एका जुन्या दुकानात तांब्याचं खोलगट भांडं होतं. तिथले लोक त्यात मक्याचं पीठ घोटतात. वजनदार, जाड बुडाचं, आतून चकचकीत. माझा जीव त्यावर जडला. माशांचं कालवण त्यात काय सुरेख होईल, असं वाटलं, मग चिंच आणि तांबं जमत नाही हे आठवलं, तरीही जीव जडलेलाच राहिला.

"नको," नवरा म्हणाला. "जड आहे. कुठे ठेवणार?"

"ओट्यावर ठेवीन, नाहीतर डोक्यावर ठेवीन!"

"सामान वाढवून ठेवायचं नाही आता."

"आता म्हणजे?"

"म्हणजे विमानात. वजन."

मी भांडं परत फळीवर ठेवलं. मग पुढच्या दुकानात तो शिरला, आणि बाहेर आला तो कागदात गुंडाळलेली कात्री घेऊन. द्राक्षाच्या फांद्या छाटायची कात्री! लाल मुठीची, चांगली जड. गुदैबियाच्या आमच्या फ्लॅटला गॅलरीसुद्धा नाही. एक तुळशीएवढी कढीपत्त्याची कुंडी होती खिडकीत, तीही उन्हाने गेली.

"ही काय तुझ्या नखांना घेतलीस?"

"भावाला. वाडीत लागेल."

भावाला म्हणे. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. मला काय दुधखुळी समजतो? पण मी ठरवलं, आता विचारायचं नाही. जे काय आहे ते याच्या तोंडून बाहेर येऊ दे.

त्या रात्री जेवायला गेलो. शेवयांसारखा बारीक पास्ता मागवला होता, आणि त्यावर वेटर ट्रफल किसून घालणार होता. ट्रफल म्हणजे जमिनीखाली उगवणारी, बटाट्यासारखी दिसणारी बुरशी. तिथे तिच्यासाठी लोक जीव टाकतात. मला ते माहीत नव्हतं. मला आधी वास आला, आणि तो वास थेट गॅस गळतोय असा. मी खुर्चीवरून उठले आणि वेटरला म्हटलं, "गॅस! गॅस! क्लोज सिलिंडर!" सगळं हॉटेल बघायला लागलं. वेटरने पांढरं फडकं उचलून तो मळकट गोळा माझ्या नाकाखाली धरला. तोच वास. नवरा तोंडावर रुमाल दाबून हसत होता आणि मीही हसले, कारण दुसरं करणार काय? खूप दिवसांनी आम्ही दोघं एकत्र हसलो. पास्ता खरंच अप्रतिम होता. खाताना मी त्याच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, बिचाऱ्याची नोकरी गेली असणार. सांगायची लाज वाटतेय. या वयात मालकाने "आता पुरे" म्हटलं असेल, आणि हा ते एकटाच उरात घेऊन फिरतोय.

मी मनाशी पक्कं केलं की मी याला काही टाकून बोलणार नाही. नोकरी गेली तर गेली. माणूस तर आहे ना शाबूत. वसईला जाऊ, मीठ शोधू. त्या विचाराने मला रडू यायला लागलं, आणि वेटरला वाटलं ट्रफलनेच.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी लवकर उठले. अंघोळ केली, चांगला निळा ड्रेस घातला, मोत्यांची माळ घातली, पर्समध्ये रोझरीची माळ टाकली. गायनमंडळात उभी राहणारी बाई आहे मी, परदेशातही मिस्सा चुकवत नाही. नवरा अजून लोळत होता. त्याला म्हटलं, तू ये मागून. आणि चढ चढून गावच्या चर्चला गेले.

दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं. फुलं नाहीत, मेणबत्त्या नाहीत, पेटीवाला नाही. मी पुढच्या बाकावर बसले. वाटलं लवकर आले. गुडघे टेकून एक अख्खी रोझरी संपवली. तरी कुणी नाही. एक म्हातारी येऊन झाडू मारायला लागली. तिने माझ्या पायाखालून झाडलं आणि माझ्या मोत्यांच्या माळेकडे बघत निघून गेली. माझ्या डोक्यात आलं, ही कसली कॅथलिक माणसं! यांच्या देशात पोप राहतो आणि यांचं चर्च ओस.

इतक्यात नवरा आला. दारातच थांबला. "अगं, तू इथे काय करतेस?"

"मिस्साला आलेय. आणखी काय करणार? पण यांचा फादरच नाही."

"बाय, आज शुक्रवार आहे."

मी त्याच्याकडे बघितलं. शुक्रवार आहे म्हणूनच तर आले होते! बहरीनमध्ये सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून आमची सगळ्यात मोठी मिस्सा शुक्रवारी. इतकी वर्षं आमचा रविवार शुक्रवारी येतोय. रविवारी तर आम्ही दवाखान्यात आणि वर्कशॉपमध्ये असतो. साऱ्या जगात रविवार रविवारीच असतो हे मी साफ विसरून गेले होते.

आणि मग नवरा हसत हसत म्हणाला, "आता रविवारची सवय लावून घे."

बोलला, आणि त्याचं हसू तिथेच विरलं. मीही ऐकलं ते. झाडूवाली म्हातारी आत कुठेतरी बादली आपटत होती. मी पर्स उचलली आणि बाहेर आले. चर्चपुढे दगडी कठडा होता, खाली सगळे मळे. त्या कठड्यावर बसले.

"बस इथे," मी म्हटलं. "नोकरी गेली ना? सांग. मी काही बोलणार नाही. देवाशप्पथ."

तो बसला. बराच वेळ गुडघे चोळत राहिला.

"गेली नाही," तो म्हणाला. "मालक म्हणत होता आणखी दोन वर्षं रहा. व्हिसा वाढवून देतो म्हणाला. मीच नको म्हटलं. मार्चमध्ये सुटतो."

मला आधी समजलंच नाही. मी त्याची समजूत घालायच्या तयारीत होते. हात त्याच्या पाठीकडे निघालेला होता.

"तू नको म्हटलंस?"

"दमलोय गं. त्या पत्र्याच्या शेडमध्ये आता उभं राहवत नाही. घर बांधलं आणि त्यात एकदाही सलग सहा महिने राहिलो नाही. पाय चालतात तोवर वाडीत काहीतरी लावीन म्हटलं. जिने चढता येतात तोवर गच्चीवर बसेन."

यात काही खोटं नव्हतं. त्याचे पाय मी रोज बघते. रात्री तेल मीच लावते. ते बोलताना त्याचा आवाज इतका थकलेला होता की मी त्यावर काही म्हणूच शकले नसते. पण दुसरी गोष्ट उरत होती.

"आणि मला विचारलंस?"

तो खाली मळ्यांकडे बघत राहिला.

"तुझ्या व्हिसावर माझा व्हिसा आहे. माझा दवाखाना आहे, माझी गाडी आहे, माझी माणसं आहेत. मालकाला नको म्हणण्याआधी मला विचारलंस का?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," तो म्हणाला.

हे त्याने रागाने म्हटलं नाही. अगदी शांतपणे, हिशोब सांगावा तसं म्हटलं. म्हणजे माझं उत्तर काय असणार हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच त्याने विचारलं नव्हतं. ड्रिल मशीन, शिडी, कॉफी, गाडीचं दार, लग्नातलं वाक्य, सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढे आलं. फाशी द्यायच्या माणसाला शेवटची इच्छा विचारतात, तशी मला इटली दाखवली होती. नोकरी गेली असती, आजार असता, बाई असती तरी चाललं असतं असं मी म्हणणार नाही. बाई असती तर मी तीच कात्री वापरली असती. पण यातलं काहीही असतं तर इतकं लागलं नसतं.

मी तिथे कठड्यावर बसून मोठ्याने रडले. आतली म्हातारी बाहेर येऊन बघून गेली. नवरा "अगं, अगं" करत राहिला. मी म्हटलं, "हात लावू नकोस मला."

मला रागात भूक लागते. दुपारी मी एक अक्षर न बोलता मांस भरलेला पास्ता खाल्ला, मग ससा खाल्ला, मग हेझलनटचा केक खाल्ला आणि त्याच्या ताटातलाही खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात एकटी गेले आणि तांब्याचं भांडं विकत घेतलं. तो दारात उभा होता. भांड्याकडे बघून काही विचारायला त्याने तोंड उघडलं.

"गुदैबियाला ठेवणार," मी म्हटलं.

विमानात ते मी मांडीवर घेऊन बसले. हवाईसुंदरी वर ठेवा म्हणाली तेव्हा तिच्याकडे असं बघितलं की ती पुन्हा आलीच नाही.

बहरीनला परतल्यावर मी दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलले. व्हिसा तुमच्या नावावर घ्याल का, असं सरळ विचारलं. ते म्हणाले, तुम्ही गेलात तर या पेशंटना कोण आवरणार, इंशाल्ला करू. मग मी घरी आले आणि नवऱ्याला विचारलं. हो, मी विचारलं. म्हटलं, "मी इथे राहायचं म्हणतेय. तुझं काय म्हणणं?"

"नाही," तो म्हणाला. "या वयात नवरा-बायको वेगळे? लोक काय म्हणतील?"

"तुझं म्हणणं ऐकलं," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सह्या करून आले.

पुढचे महिने कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. आम्ही भांडलो, अबोला धरला, पुन्हा भांडलो. जाऊबाईंनी फोन करून मला समजावलं. फादरनी मिस्सानंतर थांबवून समजावलं. मैत्रिणीने मात्र काही समजावलं नाही. वाफवायचं भांडं मिळणार नाही म्हणून ती थोडी खट्टू होती, पण व्हिसाच्या कामाला माझ्याबरोबर तीच आली. मधूनच माझं मन डळमळायचं. रात्री त्याच्या गुडघ्यांना तेल लावताना वाटायचं, तिकडे हे कोण करणार? पण मी गेले असते तर ते तेल मी रोज दातओठ खात लावलं असतं. ते मला नको होतं. त्यालाही कळलं असतं.

त्याचं विमान दुपारचं होतं. विमानतळावर मीच त्याला गाडी चालवत नेलं. वाटेत तो एसीची झडप वर-खाली करत राहिला; शेवटपर्यंत त्याला माझ्या गाडीचा एसी पटला नाही. उतरल्यावर दोन बॅगा आणि दोरीने बांधलेलं एक खोकं ट्रॉलीवर ठेवलं. खोक्यावर त्याने जाड मार्करने स्वतःचं नाव आणि वसई लिहिलं होतं. आम्ही दोघं आत जायच्या दाराशी उभे राहिलो. आजूबाजूला लोक एकमेकांना मिठ्या मारत होते.

"जेवत जा वेळेवर," तो म्हणाला.

"तूही."

"गाडीचं टायर बघून घे. पुढचं डावं."

"बघते."

मग तो जरा घुटमळला. ट्रॉलीचा दांडा दोन्ही हातांनी धरून, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "कधी येशील?"

"रजा मिळाली की," मी म्हटलं.

आणि बोलून गेल्यावर मला ते वाक्य ऐकू आलं. लग्न करून तो एकटा बहरीनला निघून आला होता आणि मी मागे वसईला, त्याच्या आईजवळ, तान्ह्या मुलीला घेऊन. मला इथे आणेपर्यंत किती वर्षं गेली! शेजाऱ्यांच्या फोनवर त्याचा फोन यायचा, सगळं घर भोवती उभं, आणि शेवटी मी एवढंच विचारायची, कधी येशील. तो हेच सांगायचा. मी फोन ठेवून, जणू तारीखच कळली असं तोंड करून घरी यायची.

त्याने वर बघितलं. त्यालाही ऐकू आलं होतं.

"आणि रजा कधी मिळते?" त्याने विचारलं.

हे विचारायचं मला त्या वेळी कधी धाडस झालं नव्हतं. त्याच्याकडेही तेव्हा तारीख नसणार. मी त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. तो ट्रॉली ढकलत आत गेला, आणि दार बंद होईपर्यंत मागे वळून बघत राहिला.